डाळिंबी कोटाला ठेवलेली नावं

आधीच सांगून ठेवते, मी कपड्यांच्या बाबतीत हळवी वगैरे बाई नाही. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागे बसून दिवसभर माइकवर बोलायचं काम माझं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा सुटणार, कुणाचं पोर हरवलंय, कुणाची पिशवी सापडलीय. काचेच्या आत मी काय घातलंय याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. वर राखाडी स्वेटर आणि त्याच्याखाली हाताला लागेल ते, असा माझा थाट.

जुन्या कपड्यांचं वेड आहे ते माझ्या वहिनीला. थोरल्या भावाची बायको. ती खालच्या मजल्यावर राहते, मी वरच्या दोन खोल्यांत. ती घरीच शिलाई मशीनवर दुरुस्तीची कामं करते. कुणाची बाही लांब, कुणाची कंबर तंग, कुणाच्या पँटची चेन गेलेली. दुकानातल्या नव्या कोऱ्या कपड्यांना ती चिंध्या म्हणते आणि आपल्या आजीच्या वयाच्या चिंध्यांना 'कापड' म्हणते. दर रविवारी सकाळी नदीकाठच्या मोकळ्या जागेत जुना बाजार भरतो. दर रविवारी ती जिन्याखालून ओरडते, "वन्सं, चला! उशीर केलात तर लोकांनी टाकलेलं बघत बसावं लागेल." मला जगात दुसरं कुणी वन्सं म्हणत नाही. तीसुद्धा मला चिडवायचं असलं की म्हणते, एरवी आम्ही अगंतुगंच बोलतो. माझे हे गेले, त्यानंतर मला घराबाहेर ओढून काढलं ते तिनंच, ते याच बाजाराच्या निमित्तानं.

आता बाजारातली आमची पद्धत सांगते, कारण घोड्यानं पेंड खाल्ली ती तिथेच.

आम्ही कामं वाटून घेतलेली. जिला वस्तू हवी तिनं तोंडातून ब्र काढायचा नाही. चेहऱ्यावरसुद्धा काही दिसू द्यायचं नाही. दुसरीनं त्या वस्तूला नावं ठेवायची. तीही भीडभाड न ठेवता, अगदी पोटतिडकीनं. आणि वस्तूत जे सगळ्यात चांगलं असेल त्यालाच पहिलं नाव ठेवायचं, म्हणजे विकणाऱ्याचा धीर सुटतो. हा नियम माझा. मग जिला हवंय तिनं नुसती मान हलवायची आणि चालायला लागायचं. मागे वळून बघायचं नाही. बाजाराला एक फेरी मारायची. बहुतेक वेळा चार पावलं गेलो की मागनं हाक येते. नाहीच आली तर फेरी पुरी करून, जणू रस्ता चुकून परत तिथंच उगवलो, असा चेहरा करायचा.

इतक्या वर्षांत हवं असणारी कायम वहिनी आणि नावं ठेवणारी कायम मी. माझा आवाज त्या कामाला बरा. एकदा एका रेशमी सदऱ्याकडे बोट दाखवून मी भर बाजारात विचारलं होतं, "हा कुणी गेल्यावर अंगावरनं काढलाय का हो?" शेजारच्या दोन गिऱ्हाइकांनी हातातले सदरे तिथल्या तिथे खाली ठेवले. विकणारा रडकुंडीला आला. वहिनीला तो सदरा जवळजवळ फुकटात मिळाला, आणि घरी येईपर्यंत आम्ही दोघी रस्त्यात थांबून थांबून हसत होतो. मी स्वतःसाठी मात्र त्या बाजारातून कधी साधा हातरुमाल घेतला नव्हता.

त्या रविवारी मला कोट हवा होता. आणि त्याला कारण होतं चष्मेवाले.

बसस्थानकासमोर त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. अरुंद, पण लख्ख. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, काउंटरवर बारीक स्क्रू ठेवायच्या डब्या आणि एक हातआरसा. माझ्या चष्म्याची काडी सैल झाली म्हणून मी पहिल्यांदा तिथे गेले. मी म्हटलं, "एवढी काडी घट्ट करून द्या," तर त्यांनी मान वर करून विचारलं, "तुम्ही फलाटवाल्या ना?" माझा चेहरा या गावात कुणी ओळखत नाही, आणि यांनी पाच शब्दांत आवाज ओळखला. म्हणाले, दिवसभर दुकानात ऐकू येतो, तुम्ही सुट्टीवर असलात की दुसरीच कुणीतरी बोलते आणि कुठली गाडी कुठे लागली काही कळत नाही. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं लांब. बोलतात कमी, पण बोललेलं सगळं कामाचं. त्यानंतर माझी काडी वरचेवर सैल व्हायला लागली. आता काडी आपोआप सैल होते की कुणी जेवणाच्या सुट्टीत बोटांनी वाकवून सैल करतं, ते काही मी सांगणार नाही.

तर कोटाच्या रविवाराआधी एक-दोन दिवस चष्मेवाले काडी घट्ट करता करता म्हणाले, "माझी भाची गाते. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी चारला सभागृहात तिचं गाणं आहे. दोन जागा आहेत माझ्याकडे. एकटा माणूस दोन खुर्च्यांवर कसा बसणार?" आणि कान लाल करून पुन्हा स्क्रू फिरवायला लागले.

मी म्हटलं, "बघते."

बघते! एखाद्या मोठ्या साहेबिणीसारखं! घरी आले आणि आरशासमोर उभी राहिले.  पन्नाशी कधीच ओलांडली, केस असे, अंगावर हा स्वेटर, आणि चाललेय कुणाच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला. लोक काय म्हणतील? हसतील. असं मी माझं मलाच ऐकवत होते. आणि तरीसुद्धा जायचं होतं मला. इतकं जायचं होतं की मी ते वहिनीलाही सांगितलं नाही, बोललं की विरून जाईल अशी भीती वाटत होती.

बाजारात टोपीवाला म्हणून एकजण बसतो. डोक्यावर एकावर एक तीन टोप्या, तिन्ही विकायच्या. दोन खांबांना दोरी बांधून तो त्यावर भारीतले कपडे टांगतो. त्या सकाळी दोरीच्या टोकाला तो कोट होता. डाळिंबी. लालही नाही आणि जांभळाही नाही, दाणे सोलल्यावर बोटांना लागतो ना, तो रंग. लांब, लोकरीचा, रुंद कॉलर, कमरेला पट्टा, शिंगाची बटणं. काजं हातानं केलेली, ते तर मलासुद्धा कळलं. मी खिशात हात घातला. आतलं अस्तर इतकं मऊ आणि गार की हात बाहेर काढवेना. मला दिसायला लागलं, सभागृहाच्या पायऱ्या, हा कोट घालून मी चढतेय, आणि वर चष्मेवाले उभे आहेत. मी काही बोलले नाही. सवयीनं तोंडाला कुलूप. फक्त खिशात हात घालून उभी राहिले.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मग कोटाकडे. मग पुढे झाली आणि झडप घातल्यासारखा कोट दोरीवरनं काढला.

"हा रंग?" ती म्हणाली. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं. "या वयात? अगं, लोक हसतील! म्हातारीनं पोरीचा कोट पळवला म्हणतील." कोट उलटा केला, काखेत नाक खुपसलं. "कसर लागलीय. आणि ही कॉलर आहे की हत्तीचे कान? बटणं बघ, एकेक बशीएवढं. आणि घालून जाणार कुठे, खिडकीत बसायला?"

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. त्या खेळाची ही बाजू मला माहीतच नव्हती, मी कायम पलीकडे उभी असायची. आणि तिच्या तोंडून जे शब्द निघाले ते मी आधीच आरशासमोर मला ऐकवलेले, वय काय, लोक हसतील काय. मला वाटलं, बघ, जिला तू सगळ्यात जवळची समजतेस, तिलाही हेच दिसतंय.  मी मान हलवली आणि चालायला लागले. मागे वळून पाहिलं नाही, कारण डोळे भरलेले होते.

वहिनी मागनं धावत आली आणि माझा दंड घट्ट दाबला. मला वाटलं, कीव करतेय. मग सबंध फेरीभर ती काय काय बडबडत होती, हे झुंबर बघ, ते लाकडी गलबत बघ, आणि मध्येच कान टवकारत होती. मी हूं हूं करत होते. फेरी मारून आम्ही परत आलो तेव्हा दोरीच्या टोकाला नुसता हँगर लोंबत होता.

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. "कोट?"

"गेला," टोपीवाला म्हणाला, हाताची घडी घालून.

"कुणी नेला?"

"ज्याला आवडला त्यानं."

आम्ही घरी आलो. फाटकाशी ती म्हणाली, "जाऊ दे गं, दुसरा मिळेल." मी जिना चढून वर गेले आणि दार लावून घेतलं.

पहिले दोन दिवस मला तिचा राग होता. अंगाचा नुसता तिळपापड. खालून मशीनची घरघर ऐकू आली तरी मी दातओठ खायची. ती वर चहा घेऊन आली, तर मी "ठेव तिथे" म्हटलं. ती आपल्या गाठोड्यातले दोन कोट घेऊन आली, एक निळा, एक तपकिरी. "घालून तर बघ." मी म्हटलं, "या वयात?" ती बघतच राहिली. मग कोट घडी करून हळूच खाली गेली. मला जरा बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचंच वाईट वाटलं.

राग ओसरला तशी चुटपुट सुरू झाली, आणि ती रागापेक्षा वाईट. राग निदान दुसऱ्यावर असतो. मला सारखं वाटायचं, मी घातला का नाही तो? निदान एकदा हात बाहीत घालून बघितला असता. बसला नसता तर प्रश्न मिटला असता. आता तो कोट माझ्या डोक्यात रोज जास्त जास्त चांगला बसायला लागला. कधी कॉलर वर केलेली, कधी पट्टा घट्ट बांधलेला. माइकवर बोलता बोलता माझं चित्त कुठे असायचं कोण जाणे. एका दुपारी मी दोन फलाटांची अदलाबदल केली. अर्धं बसस्थानक बोचकी घेऊन इकडून तिकडे धावलं, एका आजोबांनी काचेवर काठी आपटली, आणि साहेबांनी आत येऊन विचारलं, "बाई, बरं आहे ना सगळं?" मी म्हटलं, बरं आहे. बरं कसलं डोंबल!

त्याच दिवशी चष्मेवाल्यांनी विचारलं, "मग? काय ठरलं रविवारचं?"

खरं तर तोंडातून 'येते' एवढंच काढायचं होतं. पण मी काउंटरवरच्या हातआरशात पाहिलं, आणि आत ती राखाडी बाई बसलेली. डाळिंबी कोट ज्या बाईला शोभला नसता तिला शेजारची खुर्ची कशी शोभेल? माझ्या मनात दोन्ही गोष्टी अशा गुंतल्या होत्या की एकीला नाही म्हटलं की दुसरीलाही नाही. मी म्हटलं, "नाही जमणार. कामावर आहे."

रविवारी माइकवर मी नसते, हे या गावात कुणाला माहीत असेल तर त्यांनाच. ते फक्त "बरं" म्हणाले. माझा चष्मा घेतला, दोन्ही काड्या तपासल्या, स्क्रू पक्के आवळले, पुसून माझ्या हातात दिला. "आता ही काडी लवकर सैल नाही होणार," म्हणाले.

रस्ता ओलांडताना मला समोरचं काही दिसत नव्हतं, आणि चष्मा चांगला लख्ख पुसलेला होता.

मग गाण्याचा रविवार उजाडला. सकाळी जिन्याखालून हाक आली, पण वन्सं नाही, नुसतं "येतेस का?" मी वरनंच नाही म्हटलं. फाटक वाजलं. मी कपाट आवरायला काढलं, तेही अर्धवट टाकलं. चार वाजायची वाट बघायची नाही असं ठरवून घड्याळाकडे पाठ करून बसले आणि दर थोड्या वेळानं मान वळवत होते.

दुपारी जिन्यात धपधप पावलं वाजली. वहिनी आत आली ती बूट न काढताच माझ्या पलंगावर बसली. कपाळावर घाम, केस विस्कटलेले, हातात पिशवी नाही. इतक्या वर्षांत बाजारातून ती रिकाम्या हातानं आलेली मी पाहिली नव्हती.

"नाही मिळाला," ती म्हणाली.

"काय?"

"कोट. सगळा बाजार पालथा घातला. मग टोपीवाल्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. आधी बोलेचना तो. म्हणतो, माझ्या कोटाला हत्तीचे कान म्हणालात. मी म्हटलं, चुकले, कान छान होते. म्हणतो, कसर म्हणालात. मी म्हटलं, नव्हती हो कसर, मी खोटं बोलले, काखेतनं कापराचा वास येत होता. सगळ्या लोकांसमोर मला त्या कोटाची माफी मागायला लावली त्यानं! मग सांगितलं. परगावची कुणी बाई होती, त्याच दिवशी परत गेली. नाव नाही, गाव नाही. गेला तो कोट."

 खरं सांगू, तिनं आपल्यासाठी लोकांसमोर माफी मागितली याचं मला आत कुठेतरी गोड वाटलं, पण मी अजून रागावलेलीच होते ना.

ती पुढे म्हणाली, "आणि सगळ्यात राग कशाचा आला सांगू? तो म्हणाला, मी हाक मारणारच होतो. कमी करूनही दिला असता. पण त्या तुमच्याबरोबरच्या बाईंचं तोंड बघितलं आणि म्हटलं, यांना खरंच नकोय. सौदा करताना असा पडलेला चेहरा मी कधी पाहिला नाही. मी म्हटलं, अहो, नाटक होतं ते! काय झकास केलंस गं तू! मान काय हलवलीस, डोळ्यात पाणी काय आणलंस! मी तुझ्यामागे चालताना मनात म्हणत होते, इतकी वर्षं हिला नावं ठेवायला लावली, हिची खरी कला वायाच गेली."

ते माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

"वहिनी," मी म्हटलं, "मी नाटक करत नव्हते."

"म्हणजे?"

"मला खरंच रडू आलं होतं. तू म्हणालीस ना, या वयात. लोक हसतील. म्हातारी."

 मग तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. "अगं बाई! अगं, मी खेळत होते! तुझाच खेळ! तू खिशात हात घालून गप्प उभी राहिलीस, ते बघूनच मला कळलं की तुला हवाय. मला इतका आनंद झाला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुला काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, आज हिला हा कोट मिळवून देणार म्हणजे देणार. मी जीव तोडून नावं ठेवली गं."

"मग रंगाला का नाव ठेवलंस?"

"कारण रंगच सगळ्यात चांगला होता! तुला काय दिसला असता तो! चांगलं असेल त्यालाच आधी नाव ठेवायचं, तूच नाही का शिकवलंस?"

आणि मग मला काय झालं कळेना. मी रडायला लागले, आणि तेवढ्यात हसू फुटलं, आणि नाक पुसायला काही सापडेना. वहिनीनं आपल्या स्कार्फनं माझं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं रगडून. "गधडी," ती म्हणत होती, आणि तीही रडत होती. "आठवडाभर माझ्याशी अबोला धरलास. मला वाटलं, कोट गेला म्हणून."

"कोट गेलाच ना," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगून टाकलं. चष्मेवाले, दोन खुर्च्या, बघते, नाही जमणार, सगळं.

वहिनीच्या तोंडाचा आ वासला. "म्हणजे ती काडी..."

"हो."

"आणि मी तुझ्या भावाला सांगत होते, हिला चांगला चष्मा घेऊन देऊ, हा सारखा मोडतो!" ती ताडकन उठली. "गाणं कधी आहे?"

"आज. चारला."

तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि तोंडातून असा एक आवाज काढला, तो काही मी लिहिणार नाही. मग माझं अर्धवट आवरलेलं कपाट उघडलं. "राखाडी. राखाडी. हे काय, अरे देवा, हेही राखाडी." धावत खाली गेली, तो निळा कोट घेऊन आली. माझे हात बाहीत कोपरापर्यंत गेले आणि तिथेच अडकले. "उसवते, बाजूनं सोडते, शिवण आहे आत भरपूर..."

"वहिनी, राहू दे," मी म्हटलं. "अशीच जाते."

"या स्वेटरवर?"

"त्यांनी मला या स्वेटरवरच विचारलंय."

तिनं निळा कोट पलंगावर टाकला. पण स्वेटरच्या कोपराला भोक होतं, ते काही तिनं सोडलं नाही. मला दारात उभी करून, स्वेटर अंगावरच ठेवून, तिनं ते रफू केलं. "हलू नकोस, टोचेल. हलू नकोस म्हटलं ना!" तोंडात दोरा धरून ती बोलत होती, त्यामुळे निम्मं कळत नव्हतं. दोरा तोडला, पाठीवर थाप मारली, आणि मला जिन्यावरनं जवळजवळ ढकललं.

खाली दादा पेपर वाचत होता. "कुठे निघाली ही?"

"गाणं ऐकायला," वहिनी म्हणाली.

"हिला कधीपासून आवडायला लागलं गाणं?"

"आजपासून. तू पेपर वाच."

सभागृहापर्यंत मी चालत गेले की धावत ते आठवत नाही.  परत फिरावं असं निदान दर कोपऱ्यावर वाटलं. माणूस एकदा 'बरं' म्हणाला की त्याचा विषय संपला. आपण कशाला पुन्हा तोंड दाखवायचं? आणि कोट असता तर गोष्ट वेगळी होती, हेही वाटलंच. खोटं कशाला बोलू, त्या क्षणीसुद्धा मला तो कोट हवा होता.

आत लोक अजून बसत होते. कुणी खुर्च्या ओढत होतं, कुणी शेजाऱ्याला हात करत होतं. चष्मेवाले पुढून दुसऱ्या रांगेत होते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर एक लठ्ठ गृहस्थ ऐसपैस बसून पेपरमिंट चघळत होते. माझे पाय तिथेच थांबले. झालं, खुर्चीही गेली. ज्याला हवी होती त्यानं घेतली. मी मधल्या वाटेत तशीच उभी, लोक माझ्या दोन्ही बाजूंनी जात होते, आणि चष्मेवाल्यांनी मान वळवली.

ते उठून उभे राहिले. काही बोलले नाहीत.

मीही काही बोलले नाही. मला आवडलेल्या गोष्टीसमोर मला एवढंच येतं, गप्प उभं राहायचं, मान हलवायची आणि चालू लागायचं. पाय तर वळलेही होते थोडे. आणि मला वाटलं, आता इथून गेले तर मागनं हाक येणार नाही. हे त्यातले नाहीत. यांना मी नाही म्हटलं, तर ते खरंच मानणार.

"मला यायचं होतं," मी म्हटलं. मधे सगळी रांग बसलेली, सगळ्यांच्या डोक्यावरून. "त्या दिवशी कामावर आहे म्हटलं, ते खोटं होतं. मला यायचंच होतं. फार यायचं होतं."

रांगेतली डोकी माझ्याकडून त्यांच्याकडे वळली. पेपरमिंटवाल्यांचं चघळणं थांबलं.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि पुन्हा घातला. "जागा दिली हो मी," ते म्हणाले. आवाज पार पडलेला. "आत्ता मगाशी. हे शेजारी आले म्हणून. तोवर धरून ठेवली होती."

"असू दे," मी म्हटलं. "मी मागे उभी राहीन."

त्यांनी एकदा आपल्या खुर्चीकडे पाहिलं, एकदा स्टेजकडे, आणि मग "माफ करा, जरा, माफ करा" करत, लोकांच्या पायांवर पाय देत, ते सबंध रांगेतून बाहेर आले. आम्ही दोघं मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहिलो. दिवे मंद झाले. भाची आली, बारीकशी, घाबरलेली, आणि गायला लागली. गाण्यातलं मला काही कळत नाही, पण सुरुवातीला आवाज कापत होता आणि नंतर नाही कापला, एवढं मात्र मला नीट ऐकू आलं. त्यांची बाही माझ्या स्वेटरला लागत होती. दोघांपैकी कुणीच ती बाजूला घेतली नाही.

दारावरच्या बाईंना आमची दया आली असावी. त्या कुठूनतरी एक घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि माझ्या मागे उघडून ठेवली. "मावशी, बसा," कुजबुजत म्हणाल्या. "एकच मिळाली. पाय भरून येतील."

"बसा तुम्ही," चष्मेवालेही म्हणाले.

"मला नको खुर्ची," मी म्हटलं. "मला तुमच्याजवळ उभं राहायचंय."

आवाज जरा मोठाच लागला. शेवटच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या, स्टेजवरच्या मुलीनंही गाता गाता मान वर केली. आणि चष्मेवाल्यांनी ती खुर्ची उचलली, आवाज होऊ न देता तिची घडी केली आणि भिंतीला टेकवून ठेवली.